झाकलेले आणि पुसलेले

वहीतील आकडा चुकला तर तो खरवडून काढावयाचा नाही, ही जुन्या मुनिमांची पहिली शिकवण असे. चुकलेल्या आकड्यावर एक सरळ रेघ ओढावी, वर दुरुस्त आकडा लिहावा आणि बाजूस सही करावी. रेघेखालचा मूळ आकडा वाचता आला पाहिजे. ब्लेडने खरवडलेल्या पानावर तपासनीस विश्वास ठेवीत नसे, कारण तेथे आधी काय होते हे नंतर कोणालाच सांगता येत नसे. पेढीवरची ही शिस्त छायाचित्रालाही लागू पडते, याचा प्रत्यय दक्षिण महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी कापडाचा व्यापार करणाऱ्या घराला मध्यंतरी आला. निमित्त झाले ते गाण्यांच्या एका अल्बमच्या मुखपृष्ठाचे.

त्या घरातील आजींनी ऐंशी वर्षे ओलांडली आहेत. जात्यावरच्या शंभराहून अधिक ओव्या त्यांना आजही मुखोद्गत आहेत. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी महाराष्ट्रातील खेडोपाडी हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या, हे वाचल्यापासून वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या त्यांच्या नातीच्या मनाने घेतले की, आपल्या घरातला हा ठेवाही जपावा. दिवाळीच्या सुट्टीत तिने आजींच्या बारा ओव्या ध्वनिमुद्रित केल्या आणि भ्रमणध्वनीवरील संगीताच्या ॲपवर अल्बम म्हणून त्या प्रसिद्ध करण्याचे ठरविले. आवाज तयार होता, नावे तयार होती. अडले ते मुखपृष्ठापाशी. गाणी ॲपपर्यंत पोहोचविणाऱ्या वितरकाची अट होती की, मुखपृष्ठ अगदी चौरस, तीन हजार पिक्सेल लांब आणि तितकेच रुंद असावे.

अल्बम हा शब्द संगीतात आला तो छायाचित्रांच्या अल्बमवरून. तबकड्या मिनिटाला ७८ फेरे घेत, त्या काळात एका बाजूवर जेमतेम तीन-चार मिनिटांचे संगीत मावे. मोठी रचना चार-पाच तबकड्यांवर विभागली जाई आणि त्या तबकड्या जाड पुठ्ठ्याच्या बांधणीत, कागदी पाकिटांतून एकत्र ठेवल्या जात. ही बांधणी छायाचित्रांच्या अल्बमसारखीच दिसे. बाहेरून ती बहुधा साध्या तपकिरी वा करड्या रंगाची असे आणि तिच्यावर नावापलीकडे फारसे काही नसे. १९४० च्या सुमारास अमेरिकेतील कोलंबिया रेकॉर्ड्स या कंपनीत ॲलेक्स स्टाइनवाइस या तरुण चित्रकाराने आग्रह धरला की, या पुठ्ठ्यावर चित्र छापावे. छपाईचा खर्च वाढणार म्हणून प्रथम कुरकुर झाली. पण दुकानात चित्राचा अल्बम गिऱ्हाईक आधी हातात घेते, हे व्यवहाराच्या भाषेत लवकरच पटले. दुकानाच्या दर्शनी भागातील मांडणीचे मोल जाणणाऱ्यांना हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

नातीनेही आधी चित्राचाच शोध घेतला. आजींच्या कपाटात १९९४ सालच्या दिवाळीतील एक छायाचित्र सापडले. माजघरात जात्याच्या दोन बाजूंना दोघी जणी समोरासमोर बसल्या आहेत. एक आजी, आणि दुसऱ्या त्यांच्या थोरल्या जाऊबाई, ज्यांना सारे घर ‘अक्का’ म्हणे. दोघींचे हात एकाच खुंट्यावर आहेत, पाठीमागे चुन्याची पांढरी भिंत आहे आणि जात्याभोवती पीठ सांडलेले आहे. मुखपृष्ठासाठी याहून उचित चित्र मिळणे कठीण होते.

अडचण आली ती आकाराची. जुन्या फिल्मवरील छायाचित्राची चौकट २४ मिलिमीटर उंच आणि ३६ मिलिमीटर रुंद असते. तिच्यातून उंचीइतका चौरस कापून घ्यावयाचा तर रुंदीचा एक तृतीयांश भाग वगळावा लागतो. नातीने चौकट डावीकडे सरकविली तर अक्का अर्ध्या कापल्या जात; उजवीकडे सरकविली तर आजी. मग तिने जो मार्ग काढला, तो आजकाल कोणालाही सुचेल असाच होता. आजी आणि जाते चौरसाच्या मध्यभागी घेतले आणि फोटोशॉप या प्रणालीच्या साहाय्याने अक्कांना चित्रातून काढून टाकले. भिंतीचा कोरा भाग उचलून त्यांच्या जागी असा बेमालूम बसविला की, तेथे कोणी बसले होते अशी शंकाही येऊ नये.

या ठिकाणी त्या घराचा इतिहास थोडक्यात सांगावयास हवा. आजींचे पती आणि त्यांचे थोरले बंधू यांचे दुकान पूर्वी एकच होते. २००३ साली वाटणी झाली. एका दुकानाची दोन दुकाने झाली, मध्ये भिंत आली. वाटणी कागदोपत्री स्वच्छ होती. पण मालाच्या मोजदादीवरून जे शब्द गेले ते परत आले नाहीत. त्यानंतर दोन्ही घरे लग्नकार्यात आणि दुःखाच्या प्रसंगी तेवढी एकत्र येत. अक्कांना जाऊन सहा वर्षे झाली. नातीच्या वडिलांनी मुखपृष्ठाचा कच्चा नमुना पाहिला होता. चित्रात अक्का नाहीत हे त्यांच्या ध्यानात आले होते, आणि ते काही बोलले नव्हते.

संध्याकाळी नातीने संगणक आजींपुढे ठेवला. आजींनी चष्मा लावला आणि बराच वेळ चित्र पाहिले.

“चांगलं दिसतंय,” त्या म्हणाल्या. “पण अक्का कुठं आहेत?”

“आजी, चौकोनात दोघी मावत नव्हत्या गं. म्हणून फक्त तुला ठेवलं. अल्बम तुझाच आहे ना.”

आजींनी पडद्यावर बोट ठेवले. “मग खुंट्यावर हा तिसरा हात कुणाचा?”

नातीने वाकून पाहिले. खुंट्यावर खरोखरच तीन हात होते. दोन आजींचे आणि त्यांच्याखाली हिरव्या बांगड्या भरलेला एक हात, ज्याच्यामागे माणूस नव्हते. देह पुसताना तेवढा हात राहून गेला होता.

“तो अक्कांचा हात,” आजी म्हणाल्या. “ओवीची पहिली ओळ त्या धरायच्या, मग मी. या घरात आले तेव्हा मला एकही ओवी येत नव्हती. सगळ्या त्यांच्याकडून आल्या. त्यांना काढायचं असेल तर मलाही काढ, बाळ. नुसतं जातं ठेव.”

वडील बाजूस बसले होते. “आई, त्या घराचा फोटो आपल्या अल्बमवर कशाला, असं मला वाटलं,” ते हळूच म्हणाले. आजींनी त्यांच्याकडे पाहिले आणि चष्मा काढून ठेवला. त्या रात्री हा विषय पुढे गेला नाही.

मुखपृष्ठावरून माणूस काढून टाकण्याचे संगीताच्या जगातील सर्वांत गाजलेले उदाहरण आपल्याच देशाशी निगडित आहे. १९६७ साली इंग्लंडमधील बीटल्स या गायकवृंदाचा ‘सार्जंट पेपर्स लोन्ली हार्ट्स क्लब बँड’ हा अल्बम प्रसिद्ध झाला. त्याच्या मुखपृष्ठाची कल्पना पीटर ब्लेक आणि जॅन हावर्थ या चित्रकार दांपत्याने साकार केली. लेखक, नट, विचारवंत, खेळाडू अशा अनेक व्यक्तींची माणसाएवढी चित्रे पुठ्ठ्यावर चिकटवून, कापून, ओळीने उभी केली गेली. त्यांच्यापुढे ते चौघे गायक उभे राहिले आणि ३० मार्च १९६७ रोजी मायकेल कूपर यांनी लंडनमध्ये छायाचित्र घेतले. त्या काळी एका मुखपृष्ठाला साधारणतः पन्नास पौंड खर्च येई. या एकाला सुमारे तीन हजार पौंड लागले. त्यातून ब्लेक यांच्या वाट्याला आले दोनशे.

या मांडणीत महात्मा गांधींचेही चित्र होते. परंतु तबकड्या काढणाऱ्या ईएमआय कंपनीचे प्रमुख सर जोसेफ लॉकवूड यांना धास्ती वाटली की, गांधीजींना असे गर्दीत उभे केलेले भारतीय ग्राहकांना रुचणार नाही आणि भारतातील विक्रीला बाधा येईल. त्यामुळे अंतिम मुखपृष्ठावरून गांधीजी गेले. त्याच दिवशीच्या इतर छायाचित्रांत मात्र ते आजही दिसतात. लिओ गॉर्सी या अमेरिकन नटाचीही गच्छंती झाली, पण त्याचे कारण वेगळे होते. चित्र वापरू देण्याबद्दल त्याने चारशे डॉलर मागितले आणि ते देण्यास कोणी तयार झाले नाही. कंपनीच्या सल्लागारांना दाव्यांची भीती वाटत असल्याने हयात व्यक्तींना परवानगीसाठी पत्रे लिहावी लागली होती. मे वेस्ट या अभिनेत्रीने प्रथम नकार दिला. गायकांनी स्वतः पत्र लिहिल्यावर तिने होकार कळविला. पुढील वर्षी या मुखपृष्ठाला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. कात्री, गोंद, रंग आणि पत्रव्यवहार एवढ्या सामग्रीवर हे सारे घडले. संगणकाचा त्यात काही भाग नव्हता.

संगणक आला तो वीस वर्षांनी, आणि तोही दोन भावांच्या भागीदारीतून. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात डॉक्टरेटचा अभ्यास करणाऱ्या थॉमस नोल यांनी १९८७ साली आपल्या मॅकिंटॉश संगणकासाठी एक छोटी प्रणाली लिहिली. त्या पडद्यावर केवळ काळे आणि पांढरे ठिपके उमटत. त्यांच्यातून करड्या छटांचा भास निर्माण करणे, एवढेच तिचे प्रयोजन होते. त्यांचे बंधू जॉन चित्रपटांतील दृश्य-करामती करणाऱ्या कंपनीत कामाला होते. त्यांनी ती पाहिली आणि तिच्यात रंग, निवड, दुरुस्ती यांची साधने घालण्याचा आग्रह धरला. या भावांच्या वडिलांनी घराच्या तळघरात छायाचित्रे धुण्याची अंधारी खोली केली होती. प्रकाश कमी-अधिक करणे, छटा तोलणे हे संस्कार मुलांवर तेथेच झाले. १९ फेब्रुवारी १९९० रोजी अडोबी कंपनीने ही प्रणाली फोटोशॉप या नावाने बाजारात आणली. भावांनी ती आधी केवळ परवान्याने दिली होती. सर्व हक्क कंपनीने विकत घेतले ते १९९५ साली. माल आधी पारखून घ्यावा, मग सौदा पुरा करावा, हा व्यापाराचा नियम येथेही दिसतो.

या प्रणालीचा कायापालट झाला तो १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत. तिच्यात ‘लेअर’ म्हणजे थर आले. पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत आणि प्रत्येकावर चित्राचा एकेक भाग असावा, तसे हे थर असतात. भिंत एका थरावर, माणसे दुसऱ्यावर, अक्षरे तिसऱ्यावर. एकाला हात लावला तरी दुसरा बिघडत नाही. थराला ‘मास्क’ म्हणजे पडदा जोडता येतो. पडद्यावर काळा रंग दिला की थराचा तेवढा भाग दिसेनासा होतो. पांढरा रंग दिला की तो पुन्हा प्रकट होतो. करडा दिला की अर्धवट दिसतो. काळ्या रंगाखाली झाकलेले काहीही नष्ट होत नाही. याउलट खोडरबराच्या साधनाने थेट मूळ चित्रच खोडले आणि तसेच जतन केले, तर गेलेला भाग परत येत नाही. एक पद्धत मुनिमाच्या रेघेसारखी, दुसरी ब्लेडसारखी.

नातीने सुदैवाने पहिली पद्धत वापरली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आजींना पुन्हा हाक मारली. भिंतीचे ठिगळ खालच्या थरावर होते, छायाचित्र वरच्या थरावर होते आणि अक्कांवर काळा पडदा होता. तिने पांढरा रंग घेऊन पडद्यावर कुंचला फिरविला. खुंट्यावरच्या हाताला आधी कोपर आले, मग खांदा, मग पदर, मग हसरा चेहरा. अर्ध्या मिनिटात अक्का जात्यापाशी येऊन बसल्या. आजी काही बोलल्या नाहीत. त्यांनी पदराने चष्मा पुसला.

दोघींना चौरसात बसविण्याचा प्रश्न मात्र उरलाच होता. तो सुटला तो साध्या त्रैराशिकाने. चित्र कापावयाचेच नाही असे ठरविले, तर ते तीन हजार पिक्सेल रुंद आणि दोन हजार पिक्सेल उंच होते. चौरस पुरा होण्यास एक हजार पिक्सेल उंचीचा पट्टा कमी पडतो. तो पट्टा वर जोडावा, त्याला भिंतीचाच चुन्याचा रंग द्यावा आणि त्या मोकळ्या जागी अल्बमचे नाव लिहावे. जागा कमी पडते म्हणून माणूस काढण्याऐवजी कागद वाढवावा, एवढाच तो उपाय. नावासाठी निराळी जागा शोधण्याचा त्रासही त्यामुळे वाचला.

पण आणखी एक उणीव उघडी पडली. आजींजवळचे छायाचित्र चार इंच बाय सहा इंचांची छापील प्रत होती आणि नातीने तिचेच भ्रमणध्वनीने चित्र घेतले होते. मूळ फिल्म, जिला सामान्यतः निगेटिव्ह म्हणतात, मिळाली तर काम फार चांगले होणार होते. इंचाला चार हजार ठिपके घेणाऱ्या स्कॅनरवर ३६ मिलिमीटरच्या फिल्मपासून साडेपाच हजारांहून अधिक पिक्सेल रुंदीचे चित्र मिळते. मग तीन हजारांची मागणी पुरवून शिल्लक राहते. निगेटिव्ह होती ती मात्र त्या घरी. छायाचित्र अक्कांच्या मुलाने, म्हणजे नातीच्या चुलत काकांनी, महाविद्यालयात असताना आपल्या कॅमेऱ्याने घेतले होते.

येथे कायदाही आड येत होता. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्राचा कर्ता तो घेणारा असतो, चित्रातील व्यक्ती नव्हे. सामान्यतः पहिला मालकही तोच. स्टुडिओला मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राची गोष्ट वेगळी. तेथे उलट करार नसेल तर काढवून घेणारा हा पहिला मालक ठरतो. काकांनी हौसेने घेतलेल्या छायाचित्राचे मालक काकाच होते. ते आजींच्या कपाटात तीस वर्षे होते, म्हणून आजींच्या घराचे झाले नव्हते. छायाचित्रावरील हा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूच्या पुढील वर्षारंभापासून साठ वर्षे टिकतो. आणि हक्काचे हस्तांतर असो वा वापराचा परवाना असो, तो लेखी असावा लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर केवळ भारत. संगीताची ॲपे जगभर ऐकली जातात. त्यामुळे ‘काका नाही कशाला म्हणतील’ एवढ्या भरवशावर काम करणे योग्य नव्हते.

“परवानगी घ्यायलाच हवी, बाबा,” नात म्हणाली. “ती तोंडी चालत नाही. लिहून हवी.”

“फोनवर विचार,” वडील म्हणाले.

आजी म्हणाल्या, “फोनवर नाही. घरी जाऊन विचारायचं. आणि तू एकटीनं नाही जायचं. बाबांना घेऊन जा.”

रविवारी सकाळी बापलेक त्या घरी गेले. अंतर शंभर पावलांचे होते. काकूंनी पाणी आणले. सुरुवातीला भावाभावांचे बोलणे पावसावरून आणि सुताच्या भावावरून पुढे सरकेना. मग नातीने संगणक उघडून मुखपृष्ठ दाखविले. काका ते पाहत राहिले. त्यांच्या आईचे असे मोठे चित्र त्यांनी बऱ्याच दिवसांनी पाहिले असावे. नातीने आधी अक्कांना कसे काढले होते आणि आजी काय म्हणाल्या, हेही लपविले नाही. वडिलांनी तिला डोळ्यांनी खुणावले, परंतु ती थांबली नाही.

काका उठून आत गेले आणि बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा घेऊन आले. पारदर्शक पाकिटांत फिल्मच्या पट्ट्या वर्षांप्रमाणे लावलेल्या होत्या. १९९४ च्या पाकिटात तो पट्टा होता.

नातीने मोबदल्याचा विषय काढला, तेव्हा काकांनी हात हलवला. “पैसे नकोत. फोटो कोणी घेतला ते लिहिलं नाहीस तरी चालेल. पण आईचं नाव येऊ दे.”

“दोन्ही नावं येतील, काका,” नात म्हणाली.

निघताना वडील दारात क्षणभर थांबले आणि म्हणाले, “निगेटिव्ह मी स्वतः आणून देतो.” काका म्हणाले, “सावकाश आण. घाई नाही.” मोजदादीचा विषय कोणी काढला नाही, पण वाटणीनंतर कोणतीही वस्तू विश्वासाने एका घरातून दुसऱ्या घरी जाण्याची ही पहिलीच वेळ होती.

पुढचे काम कारागिरीचे होते. शहरातील एका स्टुडिओत निगेटिव्ह स्कॅन केली गेली. फिल्मवरील धुळीचे ठिपके आणि दोन ओरखडे काढले. काळाने चढलेली लालसर झाक उतरवून चुन्याची भिंत पुन्हा पांढरी केली. हा सारा बदल कालौघात आलेले दोष दूर करणारा होता. चेहरे उजळ करावेत, सुरकुत्या काढाव्यात, असे एका भावाने सुचविले. नातीने नकार दिला. दोष फिल्मचा असेल तर काढावा, माणसाचे रूप जसे असेल तसे ठेवावे, ही मर्यादा तिने आता स्वतःच आखून घेतली होती.

अक्षरांनी थोडा त्रास दिला. या प्रणालीत मजकुराच्या मांडणीची सेटिंग इंग्रजीसाठी असेल, तर देवनागरीतील पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाते आणि जोडाक्षरे फुटतात. सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांची मांडणी निवडल्यावर ती जागेवर आली. अक्षरांचा वळणसंच, ज्याला फाँट म्हणतात, हीदेखील कोणाची तरी मालमत्ता असते. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने ‘मुक्त’ आणि ‘बलू’ यांसारखे देवनागरी फाँट खुल्या परवान्याने उपलब्ध केले आहेत. त्यांतील ‘मुक्त’ निवडला. फोटोशॉपला वर्गणी भरावी लागते. ती परवडत नसेल तर ‘गिंप’ ही विनामूल्य प्रणालीही थर आणि पडदे पुरविते. कोणाकडून तरी चोरीची प्रत मिळवून घेण्याचे कारण नाही.

वडिलांची एक इच्छा होती. कोपऱ्यात दुकानाचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक यावा. अल्बम हजार ठिकाणी दिसणार, मग जाहिरात का वाया घालवावी? व्यापारी माणसाचा हा विचार चुकीचा म्हणता येणार नाही. पण वितरकाच्या नियमांत ते बसत नव्हते. मुखपृष्ठावर दूरध्वनी, पत्ता, किंमत वा जाहिरात असेल तर चित्र परत येते. मग आजींनीच निकाल दिला, “दुकानाचं नाव नको. एक लिहिलं तर दुसरं राहील.”

शेवटी नातीने चित्र इतके लहान करून पाहिले की ते अंगठ्याच्या नखाएवढे झाले, कारण भ्रमणध्वनीवर ते बहुधा तेवढेच दिसते. नाव वाचता आले, दोन स्त्रिया आणि मधले जाते ओळखता आले. पडद्यासाठी लाल, हिरवा, निळा या रंगपद्धतीतील प्रत तयार केली. नातेवाइकांना द्यावयाच्या मोजक्या सीडींसाठी छपाईच्या चार शाईंच्या पद्धतीतील दुसरी प्रत, बारा सेंटिमीटर चौरसाची, कापणीसाठी चहूबाजूंनी तीन मिलिमीटर जागा सोडून. आणि थर न मोडलेली मूळ संचिका दोन ठिकाणी वेगळी जतन केली. पक्की वही बांधून झाली तरी कच्ची वही रद्दीत घालू नये, त्याच न्यायाने.

परवानगीचा कागद एका पानाचा झाला. छायाचित्र कोणते, वापर कशासाठी, मुदत किती, प्रदेश कोणता आणि श्रेय कोणाला, एवढे पाच मुद्दे त्यात आहेत. काकांनी सही केली, वडिलांनी साक्षीदार म्हणून खाली सही केली. दोघांच्या सह्या एका कागदावर आल्या त्या वाटणीपत्रानंतर प्रथमच.

ज्या घरांत जुन्या आवाजांचे आणि चित्रांचे असे जतन चालू असेल, त्यांनी या पाच मुद्द्यांचे स्मरण ठेवावे. सौद्याच्या चिठ्ठीवर जितकी काटेकोर नजर असते, तितकी छायाचित्राच्या परवानगीवर असावी. आणि कोणाला चित्रातून वगळण्याचा मोह झाला, तर त्या चित्रात खुंट्यावर आणखी कोणाचा हात आहे का, हे आधी पाहावे.

अल्बमच्या नावाखाली आता दोन ओळी आहेत. पहिलीत गाणाऱ्या आजींचे नाव आहे आणि दुसरीत ज्यांच्याकडून ओव्या आल्या त्या अक्कांचे. सीडीची पहिली प्रत आजींनी हातात घेतली, दोन्ही नावांवरून बोट फिरविले आणि नातीला म्हणाल्या, “ही त्या घरी देऊन ये. आपली नंतर काढू.”